पंचकल्याणी घोडीचे काळे खूर

भांडुपला आमचा बँडचा धंदा. वरातीची घोडी भाड्याने आणायचो, आणि लगीनसराईत भाडं असं काही चढतं की आमची कमाई घोडीवालाच नेतो. म्हणून गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी स्वतःची घोडी घ्यायचं ठरवलं. कुर्ल्याकडच्या एका व्यापाऱ्याकडे तांबडी पंचकल्याणी दिसली. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा. मामांना सोबत नेलं होतं. त्यांनी अंगावरचे केसांचे भोवरे तपासले, देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा सापडल्यावर माझ्याकडे बघून मान डोलावली. एक लाख चाळीस हजार रोख मोजले.

पाय पांढरेशुभ्र आणि खूर मात्र कुळकुळीत काळे, हे आम्हा दोघांनाही खटकलं नाही. पांढऱ्या पायाचा खूर सहसा फिकट असतो. याच्यावर चक्क बुटाचं पॉलिश होतं! खाली लपल्या होत्या आडव्या वळ्या. वळ्या निरोगी खुरावरही असतात, पण त्यांच्यातलं अंतर पुढून मागपर्यंत सारखं असतं. पुढे दाटलेल्या आणि टाचेकडे फाकत गेलेल्या वळ्या दिसल्या, तर त्या जनावराला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, होऊन गेलेली असू शकते. शिवाय नाल नवीकोरी, तिच्याखाली चामडं, म्हणजे तळवा दिसायची सोयच नाही. चालवून दाखवली तीही मऊ मातीत, सरळ.

चौथ्या दिवशी घोडी पुढचे पाय लांब टाकून मागच्या पायांवर रेलून उभी. वळवायला गेलं की जागची हलेना. व्यापाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "अहो, जागा बदललीय, अंग धरलंय. गूळ-चणे वाढवा." मी वाढवले. या आजारात गूळ आणि धान्य म्हणजे आगीत तेल, हे मला नंतर कळलं. मग त्यानेच नालबंद पाठवला. त्याने तळवा न उघडताच "ओलीने खूर कुजलाय" म्हणत मोरचूद लावलं आणि तीन हजार घेऊन गेला.

खूर कुजलेला ओळखायला नाक पुरतं. तळाशी रबरासारखी त्रिकोणी गादी असते, तिच्या खाचांत काळा चिकट द्राव येतो आणि दुर्गंधी सुटते. मुंबईच्या पावसात, मुताने ओल्या तबेल्यात हे सर्रास होतं. रोज खूर खरवडून कोरडे ठेवले की बहुतेकदा आटोक्यात येतं. आमच्या घोडीच्या पायाला तसला वासच नव्हता. खूर गरम लागत होते, आणि खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवलं की नाडी टणटण उडायची. निरोगी घोड्याची तिथली नाडी चाचपडावी लागते.

शेवटी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर आले. नाल आणि चामडं काढलं, एक्स-रे घेतला. दोन्ही पुढच्या खुरांतली हाडं टोकाकडून तळव्याकडे झुकली होती. सौद्याच्या दिवशी वेदनाशामक दिलं असणार, असं त्यांचं मत. त्याच दिवशी रक्ताचा नमुना घेऊन ठेवला असता तर ते सिद्धही झालं असतं. आमच्याकडे पुरावा म्हणून 'रोख मिळाले' एवढीच चिठ्ठी. व्यापारी म्हणतो, "माझ्याकडे होती तेव्हा टापा वाजवत चालायची."

घोडी घ्यायला जाणार असाल तर न कळवता जा. चारही खूर ओल्या फडक्याने पुसा. नालेखाली चामडं असेल तर ते काढल्याशिवाय पैसे देऊ नका. सिमेंटवर लहान गोलात दोन्ही बाजूंनी दुडकी चालवा, दुखरा पाय वळणावर लपत नाही. आणि डॉक्टर स्वतःचा न्या, व्यापाऱ्याच्या ओळखीचा नको. भोवरे मामांना सावकाश बघू देत.

घोडी अजून आमच्याकडेच आहे. चणे-गूळ बंद, सुकं गवत, खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर, दर पाच आठवड्यांनी डॉक्टरांसमोर खूर कापणं. पुढचा खूर वरपासून खालपर्यंत नवा यायला जवळजवळ वर्ष लागतं. आमचा अर्ध्यावर आलाय. फिकट, मेणासारखा.