ज्वालामुखी संच: दगड उत्तम, पण आपल्या पायाखालचाच प्रकार गायब

शाळेच्या भूगोल कक्षासाठी हा संच जूनमध्ये ऑनलाइन मागवला. किंमत 2,350 रुपये. पेटीत तीन प्रतिकृती, सहा दगड, एक तक्ता आणि बारा पानांची मराठी पुस्तिका. मी वाईजवळच्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवते. पाच महिने वापरून मगच लिहिते आहे.

आधी दगड, कारण पैसे तिथेच वसूल होतात. प्युमिस, स्कोरिया, ऑब्सिडियन, बसॉल्ट, अँडेसाइट, रायोलाइट. सगळे खरे, मुठीत मावतील एवढे. प्युमिस बादलीत टाकला आणि तो तरंगला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे आली. बसॉल्ट आणि रायोलाइट शेजारी ठेवले की वर्गीकरणाचं मूळच हातात येतं. बसॉल्टमध्ये सिलिका (वाळूत असतो तोच घटक) साधारण 50 टक्के, रायोलाइटमध्ये 70 च्या आसपास किंवा वर. सिलिका वाढली की शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, चिकट होतो, वायू आत कोंडतात आणि स्फोट होतो. हे दाखवायला मी एका पेल्यात पाणी, दुसऱ्यात काकवी घेतली आणि स्ट्रॉने फुंकायला लावलं. पाण्यातले बुडबुडे लगेच विरले. काकवीतला फुगत फुगत वर आला आणि फुटला तेव्हा टेबलावर शिंतोडे. ढाल ज्वालामुखी पसरट का आणि संमिश्र ज्वालामुखी उभ्या उताराचा का, हे त्यानंतर मुलांनीच मला सांगितलं.

प्रतिकृती मात्र दिशाभूल करतात. ढाल, संमिश्र आणि राखेचा शंकू, तिन्ही एकाच उंचीच्या बनवल्या आहेत. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून 4,169 मीटर, जपानचा फुजी 3,776 मीटर, आणि मेक्सिकोतला पारिकुटिन पायथ्यापासून जेमतेम 424 मीटर. तोही 1943 साली मक्याच्या शेतात उगवला आणि 1952 मध्ये कायमचा थांबला. आम्ही शाडूच्या मातीने एका सेंटिमीटरला शंभर मीटर असं प्रमाण धरून तिन्ही पुन्हा केले. पारिकुटिन चार सेंटिमीटरचा झाला, बोटाएवढाही नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, मग पेटीतला एवढा मोठा का?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. निदान पुस्तिकेत खऱ्या उंची तरी छापायला हव्या होत्या.

तक्त्यात जागृत, निद्रिस्त, मृत अशी विभागणी आहे. ती पाठ्यपुस्तकाला धरून आहे, पण अंदमानचं बॅरन बेट 'निद्रिस्त'मध्ये टाकलंय. दीडशेहून अधिक वर्षं शांत राहिलेलं हे बेट 1991 मध्ये पुन्हा उसळलं आणि त्यानंतरही त्याचे उद्रेक झालेत. मी त्यावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. फिलिपिन्सचा पिनाटुबोही 1991 चाच, आणि तो तर सुमारे पाचशे वर्षं झोपलेला होता. 'निद्रिस्त' म्हणजे सुरक्षित नव्हे, हे शिकवायला याहून चांगली जोडी नाही. विवर सरोवरांच्या यादीत लोणारही घुसडलंय. लोणार बसॉल्टमध्येच आहे, पण ते उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे, ज्वालामुखीचं नव्हे.

माझी खरी तक्रार पुढे आहे. या संचात भेगीय ज्वालामुखीच नाही. पुस्तिकेत एकच ओळ: 'दख्खनचे पठार: भारतातील मृत ज्वालामुखी'. एखादा डोंगर असावा तसं! आमची शाळा ज्या कातळावर उभी आहे तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून आलेल्या लाव्हाचा आहे. थरावर थर साचले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी झाकलेला आहे. धुळे-नंदुरबारकडे त्या भेगांत गोठलेला शिलारस भिंतींसारखा उभा दिसतो. मराठी मुलांसाठी मराठीत केलेल्या संचात हे नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मग आम्हीच केला. पत्र्याच्या ट्रेला मधोमध लांब फट पाडली आणि खालून प्लास्टर ऑफ पॅरिस दाबून वर आणलं. शंकू झालाच नाही, सगळं सपाट पसरलं. सुकल्यावर वर गेरूचा पातळ हात दिला आणि पुन्हा प्लास्टर. असे चार थर. घाटरस्त्याच्या कापात काळ्या थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो तो हा गेरू, म्हणजे दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीत झिजलेला भाग. दुसऱ्या दिवशी एका मुलाने घरच्या विहिरीतले थर मोजून आणले.

भेगेचा उद्रेक माणसाने पाहिलेलाही आहे. आइसलंडमधला लाकी, 1783. सुमारे 27 किलोमीटरची भेग, आठ महिने लाव्हा. पुस्तिकेतल्या स्फोटकतेच्या 0 ते 8 या मोजपट्टीत तो जेमतेम 4 वर बसतो, कारण ही पट्टी उडालेली राख आणि दगड मोजते, वाहिलेला लाव्हा नाही. तरीही त्यानंतरच्या दुष्काळात आइसलंडची सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. पुस्तिकेत या पट्टीला 'धोक्याची पट्टी' म्हटलंय, ते बदलायलाच हवं.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन फक्त दगडांचे. विक्रेत्याने दगडांची पेटी वेगळी विकली तर मी आणखी दोन घेईन. आणि ऑब्सिडियनच्या कडा काचेसारख्या धारदार आहेत, पाचवी-सहावीच्या मुलांच्या हातात तो देताना कडेला चिकटपट्टी लावा.