बिलावर एक्सपीएस, भिंतीवर थर्माकोल

२०२४ च्या चतुर्थीला गावी पोचलो. गणपतीवरची फळापानांची माटवी बांधायला स्टुलावर चढलो, आधाराला भिंतीवर हात टेकला, तर तळवा काळा. आई खालून म्हणाली, "आषाढापासून भितीक घाम येता." चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घराला ओल नवी नाही, पण आमच्याकडे ती बाहेरून दिसायची, आतून कधीच नाही. आणि याच भिंतीवर आदल्या वर्षी मी १ लाख ६१ हजार घातले होते.

घर कुडाळ तालुक्यात. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत झडीच्या तोंडाला. बाबा होते तोवर दर मे महिन्यात माडाच्या झापांचा आडोसा बांधला जायचा. ते गेले आणि बांधायला माणूस मिळेना. तेवढ्यात एक ठेकेदार भेटला. बाहेरून दोन इंची फोमचे बोर्ड, त्यावर जाळी आणि पातळ प्लॅस्टर. उन्हाळ्यात घर थंड, पावसात कोरडं, २५ वर्षं बघायला नको. चौरस फुटाला २३० रुपये, असे ७०० फूट. मी डोंबिवलीत, त्यामुळे काम व्हॉट्सॲपवर बघितलं. फोटो सगळे रंग दिलेल्या भिंतीचे. बोर्ड लागताना एकही नाही, आणि तो मागायचं मला सुचलं नाही.

आरती झाल्यावर बाहेर जाऊन छिन्नीने कोपरा फोडला. साबुदाण्यासारखे पांढरे मणी घरंगळले. बिलावर 'एक्सपीएस' लिहिलेलं, म्हणजे दाट, कडक फोमचा बोर्ड. त्या बोर्डाचा तुकडा मोडला तर मणी सुटत नाहीत, आतून एकसंध असतो. हे टीव्हीच्या खोक्यात येतं ते थर्माकोल. मीटर बाय अर्धा मीटरची एक शीट सोडवून शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली: २४० ग्रॅम. बांधकामात घनमीटरला २० किलोचं थर्माकोल घेतलं, तरी तेवढी शीट अर्धा किलो भरते. एक्सपीएस त्याहूनही जड.

पण खरं सांगायचं तर अस्सल माल असता तरी या लावण्याने भिंत वाचली नसती. काम झालं ऑक्टोबरात, पाऊस जाऊन जेमतेम पंधरा दिवस. चिरा पाणी पितो. चिऱ्याच्या भारतीय मानकातसुद्धा वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत शोषण चालतं. प्यायलेलं पाणी दिवाळी ते शिमगा या दिवसांत बाहेर सुकतं. चौथऱ्यातून चढणारी ओलही तिकडूनच निघून जायची. ती वाट या बोर्डांनी बुजवली, मग ओल घरात आली. शिवाय खिडकीच्या कडेला पाणी बाहेर फेकणारा पत्रा नाही, नुसतं व्हाइट सिमेंट. पहिल्याच पावसात ते तडकलं आणि पाणी बोर्डामागे गेलं. मागे निचऱ्याला सलग पोकळी नाही, तळाला पाणी निघायला फट नाही, किड्यामुंग्यांसाठी बारीक जाळी नाही. बोर्ड चिकटवायला मसाल्याचे पाच गोळे, आणि गोळ्यांच्या मधून वाळवीची मातीची नळी थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत.

उकाड्याचं म्हणाल तर आमच्या बैठ्या घरात तो मुख्यतः छपरातून येतो. तिथे हात न लावता भिंत गुंडाळायला निघालो, ही अक्कल माझीच.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "यंदा पाऊस जास्त झाला." गॅरंटीचा कागद काढला. वर त्याचाच शिक्का, खाली बारीक अक्षरात 'ओल व गळती वगळून'. वॉटरप्रूफिंगची गॅरंटी, ओल वगळून! दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. मुदत मात्र २ वर्षांची. बँकेतून दिलेले १ लाख २१ हजार दाखवता आले. उरलेले ४० हजार त्याने "मजुरांना रोख लागतात" म्हणून नेले होते, त्याची पावती नाही. कुणी हे काम करायला काढलंच असेल, तर एक बोर्ड स्वतः मोडून बघा, प्लॅस्टरच्या आधी भिंतीपाशी उभे राहा आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

नोव्हेंबरात सगळं खरवडून काढलं. शिमग्यापर्यंत भिंत वाळली. मे महिन्यात आईने कुठूनसा माणूस शोधून झाप बांधून घेतले. काढलेलं थर्माकोल पुरावा म्हणून गोठ्यात रचलंय, आणि कोंबड्या ते टोचून खातात. आयोगाची तारीख लागेपर्यंत त्यांना हाकलत बसायचं, हे आईच्या मागे नवं काम.