ॲसिडिटीवर घरगुती उपाय: सोडा, व्हिनेगर, आलं, पुदिना की झोपायची पद्धत? कुणी काय निवडावं

पोटातलं ॲसिड बॅलन्स करायचंय म्हटलं की एकजण सांगतो खायचा सोडा घे, दुसरा सांगतो ॲपल सायडर व्हिनेगर घे. आता सोडा ॲसिड मारतो आणि व्हिनेगर स्वतःच ॲसिड आहे, मग एकाच त्रासावर दोन्ही कसे चालतील? म्हणून आधी आपला त्रास कुठला ते बघा. जेवल्यावर किंवा आडवं झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं हा एक प्रकार. थोडंसं खाल्लं तरी पोट गच्च, मळमळ, तासन्‌तास जडपणा हा दुसरा. दोन्हीला आपण ॲसिडिटीच म्हणतो पण उपाय वेगळे आहेत, काही तर एकदम उलटे.

जळजळीत बऱ्याचदा ॲसिड जास्त झालेलंच नसतं. रिकाम्या पोटी जठराचा पीएच (आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) साधारण 1.5 ते 3.5 असतो आणि तो तसाच असायला हवा, कारण प्रोटीन तोडणारं पेप्सिन त्यातच काम करतं आणि खाण्याबरोबर आलेले बरेचसे जंतूही तिथेच मरतात. बिघडते ती अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप, ती नको तेव्हा सैल पडते आणि ॲसिड वर येतं, आणि जठराला जसं आतून जाड अस्तर असतं तसं अन्ननलिकेला नसतं म्हणून ती भाजते.

सोडा आणि व्हिनेगर यात एकच निवडायचं असेल तर लगेच आराम सोड्यानेच पडतो, यात शंका नाही. पण अर्ध्या छोट्या चमच्यात (टीस्पून) 600 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, त्यामुळे बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. आणि तट्ट जेवल्यावर तर कुणीच घेऊ नये कारण ॲसिडशी गाठ पडली की पोटात भराभर गॅस तयार होतो. व्हिनेगरचं कौतुक खूप ऐकू येतं पण जळजळ कमी होते याला धड पुरावा नाही, दातांचं इनॅमल मात्र झिजतं, आणि पोट रिकामं व्हायचा वेग त्याने मंदावू शकतो, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लोकांना जे नको तेच. मी तरी व्हिनेगर कुणाला सुचवणार नाही. गार दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, पण दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम पुन्हा ॲसिड सुटायला लावतात, त्यामुळे रोजचा उपाय म्हणून ते नको.

आलं विरुद्ध पुदिना, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. दोन्ही पचनाला चांगले म्हणून एकाच कपात टाकले जातात. आल्याने जठर लवकर रिकामं व्हायला मदत होते, मळमळ कमी होते, म्हणून जडपणावाल्यांसाठी माझी पहिली पसंती आलंच, फक्त प्रमाणात, कारण जास्त झालं तर त्यानेच जळजळ होते. पुदिना स्नायू सैल करतो. आतड्यात पेटके येत असतील तर ते फायद्याचं आहे (पुदिन्याच्या तेलाच्या ज्या कॅप्सूल आतड्यात जाऊन विरघळतात त्या आयबीएसमध्ये, म्हणजे आतड्याच्या वारंवार पेटके येणाऱ्या त्रासात वापरतात), पण तीच सैल करायची सवय अन्ननलिकेच्या खालच्या झडपेलाही लागू होते, म्हणून घशाशी आंबट येत असेल तर जेवणानंतरचा पुदिन्याचा चहा आणि पुदिन्याच्या गोळ्या बंद करून बघा. ज्येष्ठमधही जपूनच घ्या, रोज भरपूर घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं.

आता ज्याला कुणी औषध म्हणत नाही ते. रात्रीचा त्रास असेल तर वरच्या सगळ्या वस्तूंपेक्षा मी झोपण्याच्या बदलांवर जास्त भरवसा ठेवीन. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास, आणि झोपायचं डाव्या कुशीवर. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहतं आणि वर आलेलं ॲसिड लवकर परत उतरतं, उजव्या कुशीवर नेमकं उलटं. याला काहीच खर्च नाही म्हणून सुरुवात इथूनच करा. रात्रभर एका कुशीवर राहणं जमत नसेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर दाब उलट वाढतो. दिवसा जेवल्यावर त्रास असेल तर घास कमी घ्या, पट्टा सैल ठेवा, आणि जेवणानंतर अर्धा तास शुगर फ्री च्युइंगम चघळा, लाळ जास्त सुटते आणि लाळेतलं बायकार्बोनेट ॲसिड धुऊन काढतं. पोटाचा घेर वाढला असेल तर वजन कमी करण्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही, फक्त त्याला महिने लागतात.

"तुझं ॲसिड कमी आहे" असं सांगून बीटेन एचसीएलच्या (पोटात ॲसिड वाढवणाऱ्या) गोळ्या सुचवणारेही भेटतात. ॲसिड खरंच कमी असू शकतं, वयाने, जठराच्या जुन्या सुजेने किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूमुळे, पण सोडा पिऊन ढेकर किती वेळात येते यावरून ते कळत नाही. पेनकिलर चालू असतील किंवा अल्सर असेल तर या गोळ्या धोक्याच्या. हेलिकोबॅक्टर असेल तर तर घरगुती काहीच पुरत नाही, मार्शल आणि वॉरन या संशोधकांना 2005 चं नोबेल याच जंतूच्या शोधासाठी मिळालं, तो अँटिबायोटिक्सच्या कोर्सनेच जातो आणि श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत सापडतो.

गिळताना अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर वरचं काहीच करत बसू नका, डॉक्टरकडे जा. छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम सुटत असेल, तर ॲसिडिटी समजून थांबू नका, तडक इमर्जन्सीत जा. आणि ओमेप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर नॅचरल उपाय सुरू केले म्हणून त्या एका दिवसात सोडू नका, ॲसिड उसळी मारून काही आठवडे आधीपेक्षा जास्त सुटू शकतं, डॉक्टरांना विचारून हळूहळू डोस उतरवा.