द्राक्षबागायतदारांच्या संकेतस्थळासाठी वापरलेले मोफत एपीआय

नाशिक परिसरातील द्राक्षबागायतदारांसाठी चालवलेल्या एका छोट्या संकेतस्थळावर हवामान, गावांचे स्थान आणि युरोचा दर दाखवण्यासाठी मी काही महिन्यांपासून मोफत एपीआय (दुसऱ्या सेवेकडे विनंती पाठवून तिची माहिती आपोआप मागवण्याची सोय) वापरत आहे. माझ्या मते विश्वासार्हतेची खरी कसोटी, मर्यादा आधीच स्पष्ट लिहिलेल्या आहेत का आणि चूक झाल्यावर सेवा तसे सांगते का, ही आहे.

हवामानासाठी ओपन-मेटिओ सर्वांत सोपे वाटले. त्याला नोंदणी किंवा ‘की’ (वापरकर्त्याला दिलेला सांकेतिक परवाना) लागत नाही, आणि अव्यावसायिक वापरासाठी दिवसाला १०,००० विनंत्यांची मुभा आहे. अक्षांश-रेखांश चुकल्यास कारणासह त्रुटी परत येते, ही मला मोठी सोय वाटते. मात्र टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्पष्ट दिला नाही, तर वेळा जीएमटी म्हणजे ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार येतात आणि ताशी पावसाची बेरीज करताना दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो; फवारणीचा निर्णय पावसावर अवलंबून असणाऱ्या बागायतदाराला अशी बेरीज दिशाभूल करणारी ठरते. शिवाय अंदाज हवामानाच्या संगणकीय मॉडेलने भूभागाच्या पाडलेल्या एका चौकोनासाठी असतो, एका बागेसाठी नव्हे, हे मी पानावर ठळकपणे लिहिले आहे.

गावे शोधण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या नकाशाची नॉमिनॅटिम ही शोधसेवा आहे. सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती, विनंतीसोबत स्वतःची ओळख देणारा मजकूर (यूझर-एजंट किंवा रेफरर) आणि श्रेयनिर्देश बंधनकारक आहेत. टाइप करता करता नावे सुचवण्यासाठी तो वापरता येत नाही. हे नियम जाचक नाहीत, कारण एकदा मिळालेले स्थान स्वतःकडे साठवले की पुन्हा विचारावे लागत नाही. भाषा मराठी मागितली तर नाव देवनागरीत येते, पण स्वयंसेवकांनी ते नकाशात भरले असेल तरच. त्यामुळे आमच्या भागातील गावांची नावे मी स्वतः भरू लागलो आहे.

चलनदराची आधीची सेवा एके दिवशी पूर्वसूचनेविना की मागू लागली, आणि त्रुटीचा मजकूर ‘विनंती यशस्वी’ असे सांगणाऱ्या २०० या स्थितिक्रमांकासह पाठवत राहिली, त्यामुळे बिघाड उशिरा लक्षात आला. आता युरोपीय मध्यवर्ती बँकेचे संदर्भदर देणारे फ्रँकफर्टर वापरतो. हे दर कामाच्या दिवशीच जाहीर होतात, म्हणून रविवारी शुक्रवारचा दर मिळतो. उत्तरात आलेली तारीख दरासोबत दाखवली की निर्यातदाराचा गैरसमज होत नाही.