अनान्सी बॉईज: वाचावं की ऐकावं?

अनान्सी माहीत असेल असं धरून चालतो. घानातल्या अशांती लोकांचा लबाड कोळी (जाळं विणणारा, जाळं टाकणारा नव्हे). आकाशदेव न्यामेकडून जगातल्या साऱ्या गोष्टी त्याने पटकावल्या आणि गुलामांच्या जहाजांतून तो जमैकात पोचला. इंग्रज लेखक नील गेमनने 2005 मध्ये त्याच्या मुलांवर 'अनान्सी बॉईज' ही विनोदी कादंबरी लिहिली. बाप फ्लोरिडात कराओके गाता गाता स्टेजवरच मरतो, लंडनमधला लाजाळू फॅट चार्ली अंत्यविधीला जातो, आणि तिथे कळतं की आपले तीर्थरूप देव होते!

मी आधी छापील पुस्तक घेतलं. मजा आली, नाही असं नाही. चार्लीच्या बॉसचा लबाडपणा, होणाऱ्या सासूचा खवटपणा कागदावर झकास उतरलाय. पण बरंच वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की डोळ्यांपुढचा चार्ली मी चक्क गोरा करून टाकलाय. लेखक त्याला काळा म्हणत नाही. रंगाचा उल्लेख करतो तो गोऱ्यांच्याच. खोडी छान आहे, फसलो मीच. ओशाळून पहिल्या पानावर परत गेलो. तरी कथेतल्या कॅरिबियन म्हाताऱ्यांचं इंग्रजी माझ्या डोक्यात शाळेतल्या बाईंच्या आवाजातच वाजत राहिलं. तिथे अर्धा विनोद गळतो, आणि ही खुटखुट शेवटपर्यंत गेली नाही.

मग लेनी हेन्रीने वाचलेलं ऑडिओबुक ऐकलं. हा ब्रिटिश विनोदी नट, आईवडील जमैकाचे. भल्यामोठ्या कॉफी मगवाल्या मिसेस हिगलर तोंड उघडतात आणि माणूस थेट समोर येऊन बसतो. मिसेस डनविडींचा दरारा तर आमच्या आत्याबाईंचाच. भाजी निवडताना ऐकत होतो. गवार तशीच राहिली.

ऑडिओचा त्रास आहेच. मध्ये मध्ये येणाऱ्या अनान्सीच्या जुन्या गोष्टी पुन्हा काढायच्या म्हटलं की मागेपुढे करून जीव जातो. पुस्तकात पानाचा कोपरा दुमडला की झालं. तुम्ही चाळत, थांबत वाचणारे असाल तर छापीलच बरं, मी आग्रह करणार नाही. पण अशांती कथेकरी सुरुवातीलाच बजावतो की आम्ही सांगतो ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. हे कुणीतरी मिश्कील आवाजात सांगायला हवं ना?

माझं छापील पुस्तक भाच्याकडे आहे. अजून परत मागितलेलं नाही.