नातीच्या कॉलेजचा वार्षिक अंक आणि त्यातलं पान 43

नात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बेळगावातल्या एका कॉलेजात. खानापूरहून रोज जाऊन-येऊन करते. फीच्या पावतीत अंकाचे 120 रुपये धरलेले असतात, तेव्हा हा अंक काही फुकटचा नाही. शिवाय माझी 31 वर्षं छापखान्यात गेली. आधी खिळे जुळवले, मग संगणकावर बसलो. कानडी लिपी मी खिळे जुळवतच शिकलो.

आधी छपाई. 96 पानं, 70 जीएसएमचा मॅपलिथो कागद, बांधणी पक्की. मराठी विभागात जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरांवर गेलेत. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मुद्रितावर, म्हणजे तपासायच्या छापील प्रतीवर, बोट ठेवायचं, एवढं केलं असतं तरी सापडले असते. कानडी विभाग स्वच्छ आहे. बाकी स्नेहसंमेलनाचे फोटो, मनोगतं, कविता.

अंक मी दोनदा वाचला तो पान 36 ते 42 साठी.

पहिला लेख बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी मुलीचा. बेळगाव कुणाचं या सीमावादाचा इतिहास, म्हणजे 1956 ची राज्यांची पुनर्रचना, बेळगाव कर्नाटकाकडेच राहावं म्हणणारा 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं तिनं सहा ओळींत आवरलंय. उरलेली जागा आजीला दिलीय. आजीला शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, कारण तो फक्त कानडीत येतो. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही हव्यात, हे देशानं कधीच मान्य केलंय. ती पोरगी वही घेऊन पंचायतीत गेली आणि भिंतीवरच्या एकेका सूचनेची भाषा लिहून आली. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कानडीच्या सक्तीवरही तिनं स्पष्ट लिहिलंय.

समोरच्याच पानावर गोकाककडच्या एका कानडी मुलाचं उत्तर आहे, मूळ कानडीत आणि खाली मराठीत. तो म्हणतो, ज्याला फक्त कानडी वाचता येतं त्याला स्वतःच्या राज्यात दुकानाची पाटी वाचता आली पाहिजे. मग तो महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातल्या मावशीकडे वळतो. 2022 मध्ये जतच्या गावांवरून दोन्हीकडचे पुढारी भांडत होते, पण मावशीच्या पोरांच्या कानडी शाळेला मास्तर आहे का, हे कुणीच विचारलं नाही.

बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात इथले मराठी लोक 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्या फेरीत मी तरुणपणापासून चालतोय. पाट्यांबद्दलचं त्याचं म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण मावशीचा परिच्छेद मी आधी कानडीत वाचला, मग मराठीत, आणि पुन्हा कानडीत. मराठीत 'मास्तर' आहे. मूळ शब्दात जी माया आहे ती उतरली नाही. असा समोरासमोरचा वाद मी इतक्या वर्षांत एका अंकात जुळवलेला नाही.

आता तक्रार. अनुक्रमणिकेत पान 43 वर 'आम्हा दोघांची मागणी' असं छापलंय. पान उघडलं तर शुभेच्छांची जाहिरात. नातीला विचारलं.

"आज्जा, ते शेवटच्या मुद्रितात काढलं. वाद नको म्हणाले."

त्या पानावर वाद नव्हताच. दोघांनी मिळून एवढंच मागितलं होतं की परीक्षेच्या सूचना कॉलेजच्या फळ्यावर कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लागाव्यात. भांडण छापलं आणि जिथं पोरं एका मतावर आली तेवढंच पान उचललं. हे मला फार लागलं. पान काढणाऱ्यानं निदान अनुक्रमणिका तरी बघायची, म्हणजे पोरांचं नाव असं रिकाम्या जागेवर लटकलं नसतं.

अंक घ्या, 36 ते 42 घरात मोठ्यानं वाचा. नातीनं त्या मुलीकडून मागणीची प्रत आणून दिली. मी ती अंकाच्या मापाला कापली, खळ करून पान 43 वर चिकटवली, आणि रात्रभर वर पाटा ठेवला. नीट बसलीय.