कोतवाल बुक : अडलेली वंशावळ पुढे नेताना आलेला अनुभव

उन्हाळ्यापासून मी आमच्या घराण्याच्या वंशावळीसाठी कोतवाल बुकांच्या नकला वापरते आहे. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. पणजोबांपर्यंत सगळं सरळ होतं, त्यांच्या वडिलांपाशी कागद संपत होते. सातबाऱ्यावरून मागे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढत गेलं की शेवटची नोंद खरेदीची. वारसाची नोंद असती तर बापाचं नाव आपोआप मिळालं असतं. खरेदीच्या फेरफारात ते मिळालं नाही. पणजोबा कुठून आले, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना १४. जुनी बुकं सहसा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. गाव आणि अंदाजे साल लिहून नकलेचा अर्ज करायचा. साल जितकं नेमकं, तितकं काम लवकर होतं. जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचं नाव, जात, राहणार आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. बाळाचं नाव बारशाआधी कुठून येणार? आईचं नाव तर क्वचितच. त्यामुळे नुसत्या या बुकावर नातं सिद्ध होत नाही, हे आधीच समजून घ्यावं.

आमच्या गावच्या बुकात पणजोबांचा जन्म नव्हताच. वाट दाखवली ती आजोबांच्या नव्वदीतल्या बहिणीनं. म्हणाली, "अवं पोरी, पयलं बायतपन त मायरीच होते नं! बाबाचं आजोळ अकोटकडे होतं." गावाचं नावही तिला आठवत होतं. वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली ही रीत, पण वंशावळ शोधताना आपण बापाच्या गावालाच चिकटून बसतो. पहिलटकरणीचं बाळ माहेरच्या गावच्या बुकात सापडतं. तालुका बदलतो, इथे तर जिल्हाही बदलला, अमरावतीचा अकोला झाला.

अकोट तालुक्यातल्या त्या गावच्या बुकात साधारण त्याच काळात जन्मलेला एक मुलगा सापडला. पान मोडी लिपीत होतं, जाणकाराकडून वाचून घेतलं. बापाचं नाव होतं, आणि 'राहणार'पुढे तिसऱ्याच गावाचं नाव! त्या क्षणी माझे हात थरथरत होते. मग त्या तिसऱ्या गावचे जुने फेरफार काढले. बाप वारल्यावर झालेल्या वारसाच्या फेरफारात चार भाऊ, त्यात आमचे पणजोबा नावानिशी. बिनानावाची जन्मनोंद या फेरफारानं पक्की केली. दोन्ही कागद एकमेकांना जुळल्याशिवाय मी ते नाव वंशावळीत चढवलं नाही, तुम्हीही चढवू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन माणसं सहज निघतात.

शाळेचा दाखल-खारीज, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही, कामाचा, पण त्यातली जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. १ जुलै दिसली की तिच्यावर भिस्त ठेवू नका, नाव आणि बापाचं नाव तेवढं घ्या. अकोला आणि अमरावतीचे बरेच जुने महसुली कागद 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, आधी तिथे बघावं.

आमचा अनुभव वऱ्हाडातला, तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, म्हणून तिकडच्यांनी बंदोबस्त मिसल (सारा ठरवतानाचे गावाचे कागद) आणि अधिकार अभिलेख (जमिनीवरच्या हक्कांची नोंद) हेही मागावेत. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्या काळच्या कागदांवर हिंदी मथळे दिसले तर गोंधळू नका.

जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवा असणाऱ्यांनाही हीच वाट उपयोगी पडेल. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि कोतवाल बुकात जात लिहिलेली असते.

पणजोबांच्या आईचं नाव मात्र तिन्ही गावांच्या कागदांत नाही. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत यजमानासोबत घरच्या माणसांचीही नावं लिहितात. आता मूळ गाव हाती आलं आहे, तेव्हा त्या गावाची वही तिथे कोणाकडे आहे ते विचारायला जाणार आहे.